खिडकी उघडण्याआधी

बाबांची खिडकी सकाळी आठला उघडायची. दवाखान्याच्या व्हरांड्याकडच्या भिंतीत छातीएवढ्या उंचीवर एक चौकोन, त्याला आतून लाकडी फळी, आणि फळीमागे बाबा. एकतीस वर्षं. मिशनचे मोठे डॉक्टर सोडून गेले तेव्हा मी शाळेतसुद्धा जात नव्हते. त्यानंतर महिन्यातून एकदा कुणीतरी डॉक्टर गाडीतून यायचे, तपासायचे, लिहून द्यायचे आणि चहा घेऊन जायचे. उरलेले दिवस बाबांचे. लोक त्यांनाच डॉक्टर म्हणत आणि ते दर वेळी सांगत, "मी कंपाउंडर. डॉक्टर गेले, मी उरलो."

त्या खिडकीपाशी देवाचं नाव काढायचं नाही, हा बाबांचा नियम. भिंतीवर वचन नाही, चित्र नाही. वजनकाटा, डोळे तपासायचा तक्ता आणि 'इथे थुंकू नये' अशी पाटी. लोकांनी एवढी एक आज्ञा पाळली तरी मी समाधानानं मरेन, असं ते म्हणत. स्वतः मात्र पहाटे गुडघे टेकत. त्यांच्या प्रार्थनेत रांगेतल्या माणसांची नावं नसत, दुखणी असत. तो खरजेचा, ती दम्याची, ते पायाच्या जखमेचं.

माझं लग्न झालं ते सुवार्तिकाशी, म्हणजे गावोगाव जाऊन प्रभूची सुवार्ता सांगणं हेच ज्यांचं काम, अशा माणसाशी. आणि मिशननं त्यांची नेमणूक केली ती नेमकी इथे, दवाखान्यामागच्या तीन खोल्यांत, माझ्या माहेरी. मिशननं आम्हाला फुकटात घरजावई मिळवून दिला, असं बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. ह्यांच्या सायकलच्या कॅरियरवर एक भोंगा बांधलेला असे, हँडलला मासिकांची पिशवी. बाबा ह्यांना समोर जावईबापू म्हणत आणि पाठीमागे भोंगेबापू. ह्यांना ते ठाऊक होतं. हसायचे.

पण जेवायला बसलं की वाद ठरलेला. माझी लेक तेव्हा आठ महिन्यांची होती. ती दोघांच्या मधे बसून चमचा आपटायची आणि मला वाटायचं, या दोघांत समजूतदार हीच.

ह्यांचं म्हणणं असं की, माणूस वेदनेत असतो तेव्हाच त्याचं मन उघडं असतं. तेव्हा गप्प राहणं म्हणजे दारात आलेल्याला अर्धी भाकरी देऊन अर्धी फडताळात ठेवणं. खिडकी उघडण्याआधी व्हरांड्यात अर्धा तास प्रार्थना व्हावी, एवढीच त्यांची मागणी. बाबांचं म्हणणं, ज्याच्या पोराला ताप आहे त्याला तुम्ही अर्धा तास काहीही ऐकवाल आणि तो ऐकेल; ते ऐकणं नव्हे, ती खंडणी. शास्त्रातल्या त्या परक्या वाटसरूनं रस्त्यावर पडलेल्या माणसाच्या जखमेवर तेल ओतलं, तेव्हा आधी त्याची परीक्षा घेतली होती का, असं ते विचारत.

"तुम्ही माणसाला बरं करता, बाबा," हे एकदा म्हणाले. "पण बरं करून पाठवता कुठं?"

"घरी," बाबा म्हणाले आणि ताक मागितलं.

मला हसू आलं आणि हे चिडले. मग तेही हसले. असे दिवस होते. वाद होता, पण ताटं एकत्र होती.

त्याच सुमाराला टाचणी आली.

टाचणी हे बाबांनी ठेवलेलं नाव. ती शिवणकाम करायची. सासू कापड बेतायची आणि ही मशीनवर बसायची. नवरा लांबच्या कामावर, वर्षातून एकदा यायचा. बारीक होतीच, खोकल्यानं आणखी वाळली होती. रांगेत उभी राहिली तेव्हाही ओठांच्या कोपऱ्यात दोन टाचण्या धरलेल्या. काम अर्धं टाकून आली होती आणि काढायच्या विसरली होती. "पोरी, आधी त्या काढ," बाबा म्हणाले, "खोकलीस तर मला दोन ऑपरेशनं करावी लागतील, आणि मला एकही येत नाही."

टीबी निघाला. सहा महिने रोज गोळ्या, त्याही खिडकीसमोर उभं राहून गिळायच्या. मधेच सोडल्या तर आजार उलटतो, आणि उलटला की त्याच गोळ्या मग दाद देत नाहीत. हे समजावायला बाबांनी सासूला बोलावून घेतलं. सासू आली. चष्मा दोऱ्यानं गळ्यात अडकवलेला, हातात कात्री नसली तरी असल्यासारखी बोटं. घरातल्या सगळ्यांनीच तपासून घ्या, असं बाबांनी सुचवलं, ते तिनं ऐकून सोडून दिलं.

"एक आधीच सांगते," ती म्हणाली. "आमचं घर आमच्या देवाला धरून आहे. औषध द्या. दुसरं काही द्यायचं नाही."

"दुसरं काही इथं मिळतच नाही," बाबा म्हणाले. "माझा शब्द आहे."

सासूनं त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिलं, कापड पारखतात तसं. मग मान हलवली.

तेव्हापासून टाचणी रोज साडेआठला यायची. बाबा चहाच्या बशीत गोळ्या काढून ठेवत, ती गिळायची, तोंड उघडून दाखवायची, आणि बाबा तिच्या कार्डावर पेन्सिलीनं एक ठिपका देत. पहिले दोन महिने त्यांनी मला तिच्या आसपास फिरकू दिलं नाही, बाळामुळे. पुढे डॉक्टरांनी तिला पुन्हा तपासलं, आता हिच्यापासून कुणाला लागण नाही म्हणाले. मग मी लेकीला कडेवर घेऊन व्हरांड्यात बसू लागले आणि टाचणी गोळ्या घेतल्यावर पाच मिनिटं माझ्याजवळ टेकू लागली.

ती पाच मिनिटं मला दिवसभर पुरायची. लहान मूल असलेल्या बाईशी सगळे मुलाबद्दलच बोलतात. टाचणी माझ्याबद्दल विचारायची. तुमच्या पाठीत कळ येते का, ताई? तुम्ही जेवताना गार झालेलंच जेवता ना? लेकीचा फ्रॉक पाहून म्हणाली, हा कुणी शिवला, बगलेत काचतोय बघा. मी म्हटलं, मीच. ती इतकी हसली की खोकला आला. मग म्हणाली, कापड द्या मला, मी शिवते, आणि आत माया भरपूर सोडते, म्हणजे पोर वाढलं की नुसती शिवण उसवून मोठा करता येईल. मी माझ्या जुन्या पिवळ्या साडीचा चांगला भाग कापून तिला दिला.

लेकीला झोपवताना मी एक स्तोत्र गुणगुणायची. आई मला तेच म्हणायची. मेंढपाळ, हिरवं कुरण, संथ पाणी. झोपेचंच गाणं ते, मला त्यात कधी प्रचार दिसला नाही. एके दिवशी टाचणी म्हणाली, "ताई, ह्या गाण्यात ती दरी येते ना, तिथं काय होतं पुढं?"

मी खिडकीकडे पाहिलं. बाबा आत बाटल्या धूत होते. मी म्हटलं, "पुढं काही नाही. तो सोबत चालतो, एवढंच."

"कोण?"

मी सांगितलं. तिनं विचारलं म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं पुढच्या ओळीचं विचारलं. आठवड्याभरात तिला ते सगळं पाठ झालं. मशीन चालवताना मनात म्हणते, असं म्हणाली. पायाला ताल मिळतो. बाबांना मी हे सांगितलं नाही. ह्यांनाही नाही. ते आमचं दोघींचं होतं आणि मला वाटे, एवढंसं असू द्यावं.

मग मिशनचं पत्र आलं. दवाखान्याची खोली पुढे दवाखाना म्हणून ठेवायची, की तिथे सुवार्तिक तयार करायचा वर्ग सुरू करायचा, हे ठरवायला महिन्याभरानं चिटणीसबाई येणार होत्या. सोबत एक प्रश्न होता: गेल्या दहा वर्षांत या कामाचं फळ काय? बाबांनी पोस्टकार्डावर उत्तर लिहिलं, 'आले ते बरे व्हायला आले, आणि बरेचसे झाले.' ह्यांनी ते त्यांच्या हातून काढून घेतलं.

"हे पाठवलंत तर खोलीला कुलूप लागेल," हे म्हणाले. "मला तुमचं कुलूप नकोय, बाबा. मला फक्त तुमचा अर्धा तास हवाय."

बाबांनी दोन दिवस खिडकी उघडली, बंद केली, जेवले, झोपले. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले की सरकारी इस्पितळ एसटीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आहे, रोज कोण जाईल? त्यांच्यापुढे कार्डांची चळत होती. वरचं टाचणीचं. अजून पावणेतीन महिन्यांचे ठिपके बाकी होते.

आमच्या मासिकाचं शेवटचं पान 'साक्ष' म्हणून असतं. कुणाच्या आयुष्यात प्रभूनं काय केलं, ते लोक लिहून पाठवतात. आमच्याकडे ही रीतच आहे. पोरांना परीक्षेत पास झाल्यावर साक्ष द्यायला उभं करतात, आजारातून उठलेल्याला काठीसकट उभं करतात. मिशनची माणसं आकडे विसरतात, साक्ष विसरत नाहीत. मला वाटलं, बाबांच्या न बोलण्यालाही फळ येतं हे मिशनला एकदा दिसलं तर खोली वाचेल. आणि ते फळ माझ्याशेजारी रोज पाच मिनिटं बसत होतं.

लेक दुपारी झोपायची तेवढ्या वेळात मी लिहिलं. चार दुपारी लागल्या. एक वाक्य लिहिलं की ती कूस बदलायची. पाळण्याची दोरी डाव्या हातात, पेन उजव्या. मी फार जीव लावून लिहिलं. नाव घातलं नाही. 'शिवणकाम करणारी एक बहीण' एवढंच. पण ओठांत धरलेल्या टाचण्या मी कशा सोडणार? त्याच तर ती होती. बशीतल्या गोळ्या लिहिल्या, मशीनच्या पायाला मिळालेला ताल लिहिला, खिडकीपलीकडे बाटल्या धुणारा एक म्हातारा लिहिला, जो कधी एक शब्द बोलला नाही. शेवटी लिहिलं, 'ती बरी होते आहे.' ते खरं होतं. तिचं वजन चार किलो वाढलं होतं.

ह्यांनी ते वाचलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग म्हणाले, मी वर्षभर भोंगा घेऊन फिरतो, आणि हे माझ्याच व्हरांड्यात चाललं होतं. मी म्हटलं, बाबांना सांगू नका, चिटणीसबाई येतील तेव्हा छापलेलंच दाखवू. त्यांना आवडेल असं मला खरंच वाटलं होतं. ह्यांनाही.

मासिक छापून आलं. हे नेहमीप्रमाणे पिशवी भरून गल्ल्यांतून वाटत गेले. ते मासिक फारसं कुणी वाचत नसे, पण घेत सगळे. कागद चांगला जाड. शिवणवाल्यांच्या गल्लीत तर त्याची वाट पाहत, बेत कापायला. बाहीचा, गळ्याचा आकार आधी कागदावर कापून ठेवतात, तो कापडावर ठेवून खडूनं आखतात. टाचणीची सासू दर महिन्याला चार अंक मागून घ्यायची. हे मला ठाऊक होतं. ह्यांना ठाऊक होतं. टाचणीनंच एकदा सांगितलं होतं, आमच्या घरी तुमच्या देवाच्या बाह्या करतात म्हणून, आणि आम्ही तिघंही हसलो होतो. तरी आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. साक्ष आमच्याच माणसांसाठी असते, अशी सवय अंगात इतकी मुरलेली, की ती कुणीतरी साधं पान म्हणून वाचेल, हे सुचलंच नाही.

चिटणीसबाई आल्या त्या दिवशी टाचणी आली नाही. मी म्हटलं, पाहुणे बघून लाजली असेल.

बाई बोलायला फार चांगल्या. लेकीला त्यांनी लगेच मांडीवर घेतलं. पर्समधून मासिक काढून म्हणाल्या की दोन्ही पद्धतींचं भांडण या एका पानानं मिटवलं. औषध हे दार आहे, आणि दारातून आत बोलवायला कुणीतरी हवं. खोली दवाखानाच राहील. फक्त सकाळी साडेसातला प्रार्थना होईल, आणि प्रार्थनेनंतर टोकन वाटून खिडकी उघडेल. ह्यांच्याकडे पाहून त्या हसल्या. मग त्यांनी ते पान मोठ्यानं वाचून दाखवलं.

बाबा खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होते. ओठांतल्या टाचण्या आल्या तेव्हा त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. रस्त्यात ओळखीचं माणूस दिसावं आणि मग ते ते नसावं, तसं. वाचून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "हे किती वाटलेत?"

"सगळे," हे म्हणाले. आणि म्हणता म्हणताच त्यांना कळलं; मी त्यांच्या तोंडावर कळताना पाहिलं.

बाबा उठले, बशीतल्या गोळ्या पुडीत बांधल्या, चपला घातल्या आणि निघाले. चिटणीसबाई विचारत राहिल्या, काही तातडीचं आहे का?

तासाभरानं ते परत आले तेव्हा पुडी तशीच खिशात होती. दार उघडलं नव्हतं. सासू आतून म्हणाली होती, "शब्द दिला होतात." त्यावर बाबांनी काय म्हटलं, ते त्यांनी सांगितलं नाही. तीन दिवस ते रोज गेले. चौथ्या दिवशी मी गेले, लेकीला घेऊन. बाळ कडेवर असलं की दारं उघडतात, असं मला वाटत होतं.

दार नाही उघडलं, पण सासू बाजारात गेली होती आणि टाचणी मागच्या खिडकीत आली. गजांपलीकडे तिचा चेहरा अजून भरलेला होता. चार महिन्यांच्या गोळ्या अजून अंगात होत्या. मी घाईघाईनं बोलत सुटले. तू सांग ना त्यांना, ती मी नव्हेच म्हणून. नाव कुठंय त्यात? हवं तर मी येऊन सांगते, मी सगळं मनानं लिहिलं.

"त्यांनी मला विचारलं, ताई," ती म्हणाली. "तुला ते गाणं येतं का म्हणून. मी म्हटलं, येतं."

"का म्हणालीस?"

"तुम्ही लिहिलंय ते सगळं खरंच आहे." तिनं गजातून बोट काढून लेकीच्या गालाला लावलं. "वाईट एवढंच वाटलं, ते आपलं दोघींचं होतं."

मी पुडी गजातून आत सरकवली. तिनं ती घेतली नाही. घरात सापडली तर आणखी वाढेल, म्हणाली. शिवाय उद्या तिला तिच्या माहेरी पाठवणार होते, एसटीनंही एका दिवसात पोचता येत नाही अशा गावी. तिथे कुणी गोळ्या देईल का, असं मी विचारलं. तिथे दवाखानाच नाही, ती म्हणाली, एखाद्या ठिकाणी बसस्टॉप नाही म्हणून सांगावं तसं. फ्रॉक कापून ठेवलाय, शिवण राहिलीय, आज संध्याकाळपर्यंत करते. मग सासूची चाहूल लागली आणि खिडकीचं दार लागलं.

त्या आठवड्यात घरातला वाद संपला. कुणी जिंकलं म्हणून नाही. बाबा जेवायला आमच्याबरोबर बसेनासे झाले. खिडकीमागच्या स्टुलावरच ताट न्यायचे. हे एकदा ताट घेऊन तिथे गेले. मी दाराआड होते. ह्यांनी सुरुवात केली, की निदान तिच्या आत्म्याला जे मिळालं ते तर... आणि तिथेच थांबले. बाबा जेवत राहिले. मग म्हणाले, "जावईबापू, तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही तर आधीपासून सांगत होतात काय करणार ते. शब्द माझा होता आणि तो माझ्या घरातून मोडला."

ह्यांनी बाहेर येऊन माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

बाबांनी टाचणीच्या माहेरच्या बाजूच्या सरकारी दवाखान्यांना चार पत्रं लिहिली. एकाचं उत्तर आलं, की अशा नावाची रुग्ण नाही. कार्ड त्यांनी चळतीतून काढलं नाही. रोज साडेआठला ते बशीत गोळ्या काढत आणि अकराला परत डबीत ठेवत.

साडेसातची प्रार्थना सुरू झाली. टोकन सुरू झाली. रांग आखडली. काही बायका प्रार्थनेत डोळे मिटून बसत आणि टोकन मिळालं की डोळे उघडत. काही यायच्याच थांबल्या. चिटणीसबाईंनी माझी साक्ष कुणा गोड आवाजाच्या बाईकडून रेकॉर्ड करून घेतली, मागे बासरी घातली, आणि पाठवून दिली. दर सोमवारी प्रार्थनेत भोंग्यावर लावायची. मी ह्यांना म्हटलं, नको. ते म्हणाले, ऐकून दोन-तीन माणसं खरंच थांबतात, प्रश्न विचारतात. मग हळू आवाजात म्हणाले, "एवढं झालंय त्यातून. तेवढं तरी वाया जाऊ नये ना?" सोमवारी सकाळी मी लेकीला आंघोळ घालायची आणि नळ मोठा सोडायची.

पाच महिने गेले. लेक भिंत सोडून चालू लागली.

एका सोमवारी नळ बंद केला तरी भोंगा चालू होता. मी ओल्या हातानं व्हरांड्याच्या दाराशी आले. आठ-दहा माणसं सतरंजीवर बसलेली. मागच्या बाजूला, खांबाला टेकून, दोऱ्यानं चष्मा गळ्यात अडकवलेली एक बाई. मांडीवर कागदात बांधलेलं काहीतरी. तोंडाला रुमाल. ती खोकली, आणि तो खोकला मी ओळखला. माणसाचा नाही, आजाराचा. बाबांनीही आतून ओळखला असणार, कारण आठला पाच मिनिटं होती तरी फळी उघडली.

भोंग्यातली बाई बासरीवर सांगत होती, ओठांत दोन टाचण्या धरून ती रांगेत उभी राहिली.

हे टोकन वाटायची पेटी घेऊन पलीकडे उभे होते. त्यांनी वळून पाहिलं. पेटी टाकून ते भोंग्याच्या यंत्राकडे धावले, एक बटण दाबलं, आवाज वाढला, दुसरं दाबलं. बंद झालं तेव्हा शेवटचं वाक्य होऊन गेलं होतं. ती बरी होते आहे.

सासू उठली. घाई नाही, सतरंजीवरच्या बायकांचे पाय चुकवत खिडकीपर्यंत आली आणि ते कागदातलं गाठोडं फळीवर ठेवलं. कागद मासिकाचाच होता, त्याला बाहीच्या आकाराचं भगदाड.

"कापड तुमचं होतं," ती म्हणाली. "तिनं जायच्या दिवशी पुरं केलं. मला आणायचं राहिलं." मग भोंग्याकडे हात केला. "आम्ही तिला मसणात पोचवून महिना झाला, डॉक्टर. तुमच्या ह्या डब्यात ती अजून बरीच होतेय होय?"

बाबांच्या हातात बशी होती. ती त्यांनी खाली ठेवली. "तुम्ही आत या," ते म्हणाले. "टोकन नको, काही नको. छाती तपासायला हवी तुमची."

"तुमच्याकडं?" ती म्हणाली.

एवढंच. ती व्हरांड्याच्या पायऱ्या उतरली. बाबा त्या चौकोनातून जमेल तेवढे बाहेर वाकले आणि त्यांनी तिला हाक मारली. एकतीस वर्षांत मी त्यांना खिडकीतून हाक मारताना ऐकलं नव्हतं. ती फाटकाशी थांबली, पण खोकण्यासाठी. मग गेली. हे मागोमाग धावले आणि फाटकात उभे राहिले, कारण रस्त्यात तिला गाठून म्हणणार काय, ते त्यांच्याकडे नव्हतं. इतकी वर्षं बोलणारा माणूस.

त्या दिवशी दुपारी चिटणीसबाईंचं पत्र आलं. त्या बहिणीचं पुढे काय झालं, असं वाचक विचारतात, थोडं लिहून पाठवाल का? लेक झोपली तेव्हा मी लिहायला बसले. तीन ओळी लिहिल्या. ह्यांनी उभ्या उभ्या वाचल्या, कागद परत माझ्यापुढे ठेवला, म्हणाले, "हे छापणार नाहीत ते," आणि भोंगा सायकलवरून सोडवायला गेले. संध्याकाळी तो कोपऱ्यात उलटा पडलेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तो पुन्हा बांधला. नेमणूक आहे, तीन खोल्या नेमणुकीच्या आहेत, बाबांच्या गोळ्याही त्याच नेमणुकीतून येतात.

बाबांनी टाचणीच्या सासूसाठी एक नवं कार्ड काढलंय. त्यावर नाव नाही, ठिपका नाही. बशीत आता ते गोळ्या ठेवत नाहीत, पण बशी धुऊन फळीवर ठेवतात.

फ्रॉक लेकीला घट्ट झाला. पाच महिन्यांत पोर वाढलं होतं. मी तो उलटा केला. आत दोन्ही बाजूंना बोटभर माया सोडलेली, सरळ, एका टाक्यातही न चुकलेली. आज दुपारी ती झोपल्यावर मी शिवण उसवली. टाके इतके बारीक की सुईनं एकेक उचलावा लागला. पुन्हा शिवायला घेतलं, तर ते मला नीट येत नाही. बगलेत परत काचणार.